टोरंट नक्की सुरू कुठून करायचं? (पायरेटेड सिनेमे मागत नाहीये!)

मिरजमास्तर | रविवार, सकाळी ९:१२

नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षक, विषय गणित-विज्ञान. संगणकाशी ओळख कामापुरती. घरचा लॅपटॉप २०१४ सालचा, ४ जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि ११ ह्या यंत्रावर बसत नाही. मुलाने सुचवले की विंडोजऐवजी लिनक्स मिंट ह्या ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, जुन्या यंत्राला झेपते.

फाईल तीन जीबीच्या आतबाहेरची. तीन वेळा उतरवायला घेतली. पहिल्यांदा वीज गेली, दुसऱ्यांदा नेट गेले, तिसऱ्यांदा २.१ जीबी उतरल्यावर ब्राउझर म्हणाला ‘नेटवर्क एरर’. आता मुलगा म्हणतो, “बाबा, टोरंटने घ्या.” माझ्या डोक्यात टोरंट म्हणजे चोरीचे सिनेमे. हे कायदेशीर आहे का, आणि असल्यास अगदी पहिल्या पायरीपासून कसे करायचे?

दुसरा प्रश्न त्याला चिकटूनच. वडिलांच्या भजनी मंडळाच्या ३८ कॅसेट्स मी गेल्या वर्षी संगणकावर उतरवून घेतल्या. प्रत्येक साठ मिनिटांची, एकूण २३ जीबी. चुलतभाऊ न्यू जर्सीत, भाची पुण्यात, पुतण्या डोंबिवलीत. तिघांनाही हव्यात. पेनड्राइव्ह कुरिअर करण्यापेक्षा ह्याच मार्गाने पाठवता येतील का?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कळलावी_नारद | ९:२०

पहिला! वाद पेटून धाग्याचं काश्मीर होण्याआधी जागा पकडून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टेक्निकल_तात्या | ९:५८

मास्तर, मिंटवाले स्वतःच त्यांच्या डाऊनलोडच्या पानावर टोरंटची लिंक देतात. उबुंटू, डेबियन, लिबरऑफिस, सगळेच देतात. म्हणजे पहिला प्रश्न तिथेच मिटला. तुम्ही काय उतरवताय त्यावर कायदेशीर की बेकायदेशीर ते ठरतं.

आता हे चालतं कसं ते वर्गातल्या भाषेत सांगतो. तुमच्याकडे शंभर पानांची नोट्सची वही आहे आणि वर्गात चाळीस पोरं. ब्राउझरच्या पद्धतीत प्रत्येक पोरगा रांगेत उभा राहून आख्खी वही तुमच्याकडूनच उतरवणार. मधेच घंटा झाली की बऱ्याचदा पुन्हा पहिल्या पानापासून. टोरंटमध्ये तुम्ही वही सुटी करता, ह्याला सातवं पान, त्याला एकोणनव्वदावं, आणि सांगता की आता आपापसात बघून घ्या. पोरं एकमेकांची पानं उतरवायला लागतात. कोणतं पान आधी मागायचं? जे वर्गात सगळ्यात कमी जणांकडे आहे ते. कारण ते ज्याच्याकडे आहे तो पोरगा उद्या गैरहजर राहिला तर सगळ्यांचीच वही अपुरी. ही युक्ती प्रोटोकॉलमध्येच आहे.

वीज गेली तर? मिळालेली पानं तुमच्या दप्तरातच. वीज आल्यावर उरलेली मागायची. कोणी मुद्दाम चुकीचं पान दिलं तर? टोरंटची जी छोटी फाईल असते (काही केबींची, त्यात खरा माल काहीच नसतो) तिच्यात प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे अंगठ्याचा ठसा म्हणा, लिहिलेला असतो. आलेला तुकडा त्याच्याशी जुळला नाही की फेकून देऊन परत मागवला जातो. तुमच्या बाबतीत हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण ऑपरेटिंग सिस्टीमच्या फाईलमध्ये एक तुकडा सडका आला तर इन्स्टॉल होताना मधेच लटकतं आणि माणूस लॅपटॉपला शिव्या घालतो.

शब्द चारच लक्षात ठेवा. ज्याच्याकडे पूर्ण फाईल आहे आणि जो वाटतोय तो सीडर. जो अजून गोळा करतोय तो पीअर किंवा लीचर. कोणाकडे काय आहे त्याचा पत्ता सांगणारा ट्रॅकर. आणि मॅग्नेट लिंक म्हणजे ती छोटी फाईलही न घेता नुसत्या ठशावरून बाकीच्यांना शोधून काढायची सोय. सीडर शून्य असतील तर त्या टोरंटच्या नादी लागू नका, ते ९७ टक्क्यांवर जाऊन म्हातारं होतं.

ब्रॅम कोहेनने हे २००१ मध्ये आणलं. त्याआधी १९९९ पासून गाण्यांच्या देवघेवीचं नॅपस्टर होतं, पण त्याची यादी एकाच ठिकाणी असायची. कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००१ मध्येच ते बंद पडलं. कोहेनने आणखी एक गोष्ट केली: जो देतो त्याला आधी द्यायचं. नुसतं ओरबाडणाऱ्याला मागे ठेवायचं. मग नवीन आलेल्या, हातात काहीच नसलेल्या माणसाचं काय? तर दर तीस सेकंदांनी एखाद्याला नशिबाने संधी मिळते, तेवढ्यात त्याच्याकडे देण्याजोगं काहीतरी जमतं.

गोधडी | १०:१५

तात्या, आमच्या कोकणात ह्याला सावड म्हणतात. आज मी तुझ्या लावणीला, उद्या तू माझ्या. कोहेनला २००१ मध्ये सुचलं म्हणे :)

कळलावी_नारद | १०:१७

आणि स्वतःची लावणी उरकल्यावर ज्याची कंबर धरते, तो लीचर.

गोधडी | १०:१९

अगदी! असा एक आमच्या घराशेजारीच राहतो.

पाणीपुरी_९२ | १०:४१

तात्यांनी थिअरी दिली, मी प्रॅक्टिकल देते.

सर, टोरंट चालवायला क्यूबिटटोरंट हा प्रोग्रॅम घ्या. फुकट आहे, जाहिराती नाहीत. खरी साइट डॉट ऑर्गवाली; शोधल्यावर सगळ्यात वर ‘प्रायोजित’ म्हणून जे येतं त्यावर क्लिक करू नका. कोणी यूटोरंट सुचवेल. २००५ मध्ये ते एवढंसं, सुटसुटीत होतं, आता जाहिरातींनी भरलंय.

पण थांबा, नव्याने सुरू करायच्या आधी एक बघा. तुमची ती २.१ जीबीची अर्धवट फाईल डाऊनलोड फोल्डरमध्ये अजून पडलेली आहे का? असेल तर पुसू नका. ब्राउझरच्या यादीतून काढण्याआधी तिची एक कॉपी करून ठेवा.

मिरजमास्तर | ११:०५

आहे! ‘अनकन्फर्म्ड’ असे नाव आणि पुढे सहा आकडे. उघडत मात्र नाही.

पाणीपुरी_९२ | ११:२२

वा! आता गंमत बघा.

एक नवीन फोल्डर करा, त्यात ही कॉपी ठेवा. मिंटच्या साइटवरून त्याच आवृत्तीची टोरंट फाईल घ्या. आवृत्ती तीच हवी, आकडाही तोच, नाहीतर काही जुळणार नाही. ती क्यूबिटटोरंटमध्ये उघडलीत की एक खिडकी येईल. त्यात जागा म्हणून हा नवीन फोल्डर निवडा आणि ‘स्टार्ट टोरंट’समोरची खूण काढून टाका. त्याच खिडकीत उजवीकडे आयएसओ फाईलचं (म्हणजे मिंटची तीच मोठी फाईल) पूर्ण नाव दिसेल. तुमच्या अर्धवट फाईलला अक्षर न् अक्षर तेच नाव द्या, शेवटच्या आयएसओसकट. विंडोज शेवटचं एक्स्टेन्शन लपवतं, ते आधी दिसतं करून घ्या, नाहीतर नाव बदललंय असं वाटतं आणि बदललेलं नसतं.

मग ओके करा, यादीतल्या त्या ओळीवर राइट क्लिक, ‘फोर्स रीचेक’. तो फाईलचा एकेक तुकडा ठशाशी ताडून बघेल आणि चांगले निघालेले तुकडे धरून ठेवेल. मग स्टार्ट.

मिरजमास्तर | दुपारी १२:४८

पाणीपुरीताई, काय सांगू! रीचेक झाल्यावर पट्टी थेट ७२.४ टक्क्यांवर उभी. उरलेले चहा गाळून होईपर्यंत झाले. खाली हिरव्या-निळ्या रंगात किती जणांकडून तुकडे येत आहेत ते दिसत होते, त्यात ब्राझील आणि पोलंडचे झेंडे. मी आणि सौ. दोघेही बघत बसलो.

बारक्या | १:१०

दंडवत घ्या ताई __/\__ ही फोर्स रीचेकची ट्रिक मला दहा वर्षं टोरंट वापरून माहीत नव्हती. वाखूसा (वाचनखूण साठवली).

माझाही एक प्रश्न. प्लॅन १०० चा आहे पण टोरंट कधीच १२ च्या वर जात नाही. नेटवाला फसवतोय का?

टेक्निकल_तात्या | १:१४

बारक्या, प्लॅन मेगाबिटमध्ये, टोरंट मेगाबाइटमध्ये. आठाने भाग. साडेबारा. नेटवाल्याला पेढे दे.

कळलावी_नारद | १:१५

आणि स्वतः इनो घे.

गोधडी | १:५२

नवशिक्यांसाठी माझा एक गाढवपणा लिहून ठेवते. उबुंटूची आयएसओ पाच जीबीहून मोठी आहे. लॅपटॉपवर जागा नव्हती म्हणून मी टोरंटला सांगितलं, थेट ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर उतरव. थोड्या वेळाने एरर. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तीच एरर. दोन दिवस मी नेटवाल्याशी भांडले, राउटर बदलून घेतला. मग भाच्याने बघितलं, पेनड्राइव्ह फॅट३२ ह्या जुन्या फॉरमॅटमध्ये होता. त्यात ४ जीबीहून मोठी एक फाईल मावतच नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असो. एक्सफॅट करून घेतला आणि झालं. राउटरवाल्याला अजून खरं सांगितलेलं नाही.

जुना_हॉस्टेलाइट | २:३०

अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला २००७-०८ मध्ये डीसी प्लस प्लस (एकमेकांच्या मशीनवरून फाइली घ्यायचा प्रोग्रॅम) चालायचं. बाहेरचं इंटरनेट रडत यायचं, पण होस्टेलच्या आतल्या लॅनवर सुसाट. हबवर, म्हणजे सगळे जिथे जोडले जायचे तिथे, आत घ्यायची अट होती की किमान पाच जीबी तरी शेअर करा. फर्स्ट इयरची पोरं हुशार, त्यांनी आख्खा विंडोज फोल्डरच शेअरला टाकलेला असायचा. आम्ही सिनेमा शोधायला जायचो आणि कोणाच्या तरी सिस्टीम३२ मधल्या डीएलएल फाइलींची यादी यायची.

परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र ह्याच हबवर मागच्या आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळायच्या, आणि त्या ज्याच्याकडे असत त्याने मशीन बंद करू नये म्हणून त्याच्या खोलीबाहेर पोरं बसलेली असत. सीडर म्हणजे काय हे मी तिथे शिकलो.

म्युनिककर | ३:४४

(इथे सकाळ आहे, उशीर माफ.) परदेशात नव्याने आलेल्या मुलांसाठी लिहितोय, हे वाचाच.

माझ्या पहिल्या वर्षी रूममेटने एक हिंदी सिनेमा टोरंटवरून घेतला. भारतात करायचा तसाच. काही आठवड्यांनी टपालाने जाडजूड लिफाफा आला, वकिलांकडून. त्यात फाईलचं नाव, तारीख, मिनिटासकट वेळ आणि आमच्या घरच्या कनेक्शनचा आयपी पत्ता. पुन्हा करणार नाही असं लिहून द्या आणि शेकडो युरो भरा. कनेक्शन माझ्या नावावर, म्हणून पत्र माझ्या नावे. रूममेट आधी हसत होता, रक्कम वाचल्यावर हसणं थांबलं.

कळीची गोष्ट अशी की ही पत्रं वाटल्याबद्दल येतात. टोरंटमध्ये तुम्ही घेता घेता देतही असता, म्हणजे अपलोड आपोआप सुरू असतो. आणि त्या झुंडीत प्रत्येकाला बाकीच्यांचे आयपी दिसतात, मास्तरांना ब्राझीलचा झेंडा दिसला तसेच. हक्कदारांच्या वतीने लक्ष ठेवणारे त्याच झुंडीत साधे पीअर म्हणून येऊन बसतात.

लिनक्स, विकिपीडिया असलं काहीही बिनधास्त उतरवा, मी रोज सीड करतो, कोणी हूं की चूं केलेलं नाही.

बारक्या | ४:०२

भारतात कोण विचारतंय म्युनिकभाऊ. सगळेच करतात.

वकील_नाही_मी | ४:३५

सगळेच करतात म्हणून कायदा बदलत नाही, बारक्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ वाच: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, तो भाग वेगळा. सिनेमाच्या बाबतीत २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायदा दुरुस्त होऊन आणखी कडक झाला, थिएटरात चोरून चित्रण करणाऱ्यांना आणि ते पसरवणाऱ्यांना किमान तीन लाखांचा दंड.

मला त्याहून जास्त राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. मराठी सिनेमा महत्प्रयासाने दोन आठवडे थिएटरात टिकतो आणि पहिल्या रविवारी लोक ग्रुपवर लिंक मागतात. तेच लोक नंतर ‘मराठीत चांगलं काही येत नाही’ म्हणून धागे काढतात.

हक्क कधी संपतात तेही सांगून ठेवतो, कारण उतरवायला कायदेशीर माल भरपूर आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ च्या सुरुवातीला मुक्त झालं. गडकरी, बालकवी, हरिभाऊ आपटे तर केव्हाच. इंटरनेट अर्काइव्हवर बहुतेक प्रत्येक पुस्तकाच्या, रेकॉर्डिंगच्या पानावर टोरंटचा पर्याय असतो. फक्त तिथे आहे म्हणजे मुक्तच आहे असं धरू नका, लोक काहीही चढवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये तर मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून भारतात ती साइटच काही काळ बंद झाली होती, नव्या हिंदी सिनेमांच्या चोरीच्या प्रकरणात.

पाणीपुरी_९२ | ४:५०

+१. आणि बारक्या, चोरीचा माल कायद्यापेक्षा आधी व्हायरसने मारतो. सिनेमाच्या नावाची फाईल पण शेवटी ईएक्सई, किंवा सोबत ‘हा कोडेक आधी टाका’ अशी चिठ्ठी, की समजून जायचं. सिनेमा कधी इन्स्टॉल करावा लागत नाही.

चांगल्या मालात माझी आवड किविक्स. आख्खा मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये, नेट नसताना वाचता येतो, टोरंटने मिळतो. गावच्या शाळेतल्या तीन जुन्या कॉम्प्युटरवर मी टाकून दिलाय. पोरं सगळ्यात आधी आपल्या गावाचं पान शोधतात. मग ते दोन ओळींचं निघतं आणि हिरमुसतात.

टेक्निकल_तात्या | संध्याकाळी ६:२०

आता मास्तरांच्या भजनांकडे येऊ, ते राहिलंच.

आधी २३ जीबी कमी करा. तुमच्या फाइली वेव्हमध्ये (न दाबलेला आवाज) असणार, त्या फ्लॅकमध्ये (आवाज न बिघडवता दाबणारा प्रकार) बदला. साधारण निम्म्यावर येतात आणि आवाजात कणाचाही फरक पडत नाही. एमपीथ्री करू नका, मूळ प्रत आहे ती.

कळलावी_नारद | ६:२२

मग गूगलच्या फुकट १५ जीबीत बसलं की! धागा संपला.

मिरजमास्तर | ६:३१

नारदमुनी, त्या पंधरातले चौदा ‘शुभ सकाळ’च्या फोटोंनी व्यापले आहेत.

टेक्निकल_तात्या | ६:५५

:D पुढे. तुम्ही स्वतः टोरंट बनवू शकता, क्यूबिटटोरंटमध्ये ‘टूल्स’मध्ये सोय आहे. पण घरगुती गोष्टीला मी ते सुचवत नाही. ट्रॅकरशिवायचं टोरंट डीएचटी नावाच्या खुल्या जाळ्यावर जाहीर होतं आणि ती जाळी चाळत बसणारे प्रोग्रॅम असतात. कुटुंबापुरतं म्हणून ठेवलेलं कोणाच्याही हाती लागू शकतं.

त्यापेक्षा सिंकथिंग हा प्रोग्रॅम घ्या. तत्त्व तेच, तुकडे करून यंत्रातून यंत्रात, मधे कोणाचा सर्व्हर माल साठवत नाही. प्रत्येक यंत्राला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, तो तुम्ही एकमेकांना फोनवर पाठवायचा आणि दोघांनीही मान्य करायचं. चौघांनीही एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे पुण्याला पोचलेला तुकडा डोंबिवलीला पुण्याहूनही जाईल, सगळा भार मिरजेवर नको.

एक अडचण येणार, आधीच सांगतो. आपल्याकडे बरेच नेटवाले शंभर घरांना मिळून एकच बाहेरचा आयपी देतात. राउटरच्या पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होत असेल तर तुम्ही त्यातले. मग बाहेरून कोणी थेट तुमच्या यंत्राचं दार वाजवू शकत नाही. दोन्ही बाजू अशाच असल्या तर सिंकथिंग मधल्या रिलेवरून (माल न साठवता नुसता पुढे ढकलणारा सर्व्हर) जातं, पोचतं पण बैलगाडीने. त्यामुळे न्यू जर्सीच्या भावाला त्याच्या राउटरवर २२००० नंबरचं पोर्ट उघडायला सांगा. एका बाजूचं दार उघडं असलं की पुरतं.

वकील_नाही_मी | ७:१०

अभंग तुकोबांचे, तिथे हक्काचा प्रश्नच नाही. पण उद्या हे सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरलं तर गाणाऱ्यांचे स्वतंत्र हक्क असतात, पन्नास वर्षांचे. मंडळातल्या हयात लोकांना आणि बाकीच्यांच्या घरच्यांना विचारून घ्या. हो म्हणतीलच, पण विचारलेलं बरं वाटतं.

मिरजमास्तर | पुढचा रविवार, सकाळी ८:०५

मंडळी, वृत्तांत.

मिंट बसले. लॅपटॉप तरुण झाला म्हणणार नाही, पण पाच मिनिटांऐवजी मिनिटभरात उठतो. मिंटची ती टोरंट फाईल मी अजून काढलेली नाही, रेशो (घेतल्याच्या किती पट वाटले) ३.२ झाला आहे. सावडीत कंबर धरणाऱ्यांत आपले नाव नको.

भजने फ्लॅक करून ११ जीबी झाली. पहिली रात्र रिलेवरून गेली, सकाळी उठून बघतो तर जेमतेम दोन जीबी. मग न्यू जर्सीच्या भावाने त्याच्या मुलाला बसवून पोर्ट उघडले, आणि दुसऱ्या रात्रीत त्याच्याकडचे संपले. पहाटे साडेचारला त्याचा फोन. म्हटले काय झाले. म्हणाला, “दादा, सतरा नंबरची कॅसेट लाव. बाविसाव्या मिनिटाला काका भजन थांबवून म्हणतात, ‘बाळ्या, झांज हळू.’ तो बाळ्या मी आहे.”

मी उतरवताना हे ऐकलेच नव्हते. कॅसेट लावून जेवायला जात असे.

पुण्याचेही झाले. आता प्रश्न एवढाच की लॅपटॉप बंद केला तर चालेल का? आठवडाभर चालू आहे, पंखा आवाज करतो.

टेक्निकल_तात्या | ८:१२

डोंबिवलीचं किती झालंय?

मिरजमास्तर | ८:२०

९४ टक्के.

टेक्निकल_तात्या | ८:२१

खरं तर आता पुणे आणि न्यू जर्सी दोघांकडे पूर्ण आहे, तेही देतील. दोघांची यंत्रं चालू असली तर तुमचं बंद केलंत तरी चालेल.

मिरजमास्तर | ८:४०

विचारले. भाचीने लॅपटॉप मिटून ऑफिसला नेला आहे, तिथे चालत नाही म्हणते. न्यू जर्सीत रात्र, भावाने मेन स्विच बंद करून झोपायची आमच्या घरची सवय तिकडेही नेली आहे.

कळलावी_नारद | ८:४१

रविवारी ऑफिस? आयटीवाली दिसते. मास्तर, हात लावू नका लॅपटॉपला, मी बाहेर बसतो खोलीच्या.

मिरजमास्तर | ८:५५

चालू ठेवला आहे. उद्या सोमवार, आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाण्याचा वार. आज रात्रीपर्यंत डोंबिवलीचे व्हायला हवे.